सहावीचे वाढीव 50 ग्रॅम

मे महिन्यात नागऱ्यात दोन गोष्टींचा भाव कडाडतो. एक सावली आणि दुसरं चौथी-पाचवी पास झालेलं पोरगं. सावली निदान पारावर फुकट मिळते. पोरासाठी मात्र भर दुपारी, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, एका मोटारसायकलवर दोन-दोन गुरुजी दारोदार फिरत असतात. गोंदियाचा पारा 45 अंशांच्या आसपास, डांबर टायरला चिकटतंय, कुत्री नालीत अंग टाकून पडलीत आणि गुरुजी एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली धरून विचारताहेत, "पोरगं घरी हाये का जी?"

ज्यांना नागरा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोंदियाहून बालाघाटकडे निघालात की शहर संपलं असं नीट वाटायच्या आतच हे गाव येतं. जुनं शिवमंदिर, महाशिवरात्रीची मोठी यात्रा, चहूकडे धानाची बांध्या-बांध्यांची शेती. शहर इतकं जवळ की तिथल्या शाळांच्या गाड्या सकाळी गल्लीत येऊन हॉर्न देतात, आणि गाव अजून इतकं गाव की रोवणीच्या दिवसांत वर्गात पोरांपेक्षा बाकं जास्त दिसतात. पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं, खेड्यात एक शाळा असते आणि पोरानं मुकाट्यानं तिथं जायचं असतं. तसं काही नाही. या पंचक्रोशीत सहावीतल्या पोरासाठी जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा आहे, अनुदानित हायस्कूलचे पाचवीपासूनचे वर्ग आहेत, मराठी नको असेल तर हिंदी माध्यम आहे आणि यातलं काहीच नको असेल तर कॉन्व्हेंट आहे. आमच्या विदर्भातल्या कॉन्व्हेंटमध्ये नन शोधू नये. शाळेला नाव एखाद्या देवीचं असतं आणि संस्थापक बहुधा कुणीतरी माजी सरपंच असतात.

तर इतके पर्याय म्हटल्यावर तुलना आलीच. आणि आपण पालक शाळांची तुलना करतो, असा आपला सगळ्यांचा प्रामाणिक समज असतो. मे महिन्यात एखाद्या ओसरीवर तासभर बसलात तर तो गळून पडेल. तुलना शाळाच करत असतात. आपल्या पोरांची.

एका ओळखीच्या घरी लग्नाची पत्रिका द्यायला गेलो होतो. ओसरीवर कूलर होता आणि कूलरसमोर दोन गुरुजी. विदर्भात उन्हाळ्यात कूलरसमोरची जागा जावयालासुद्धा मागून घ्यावी लागते. इथे गुरुजींना ती न मागता मिळाली होती, यावरून प्रकरणाचं गांभीर्य माझ्या लक्षात आलं. गुरुजी अनुदानित शाळेचे. घरचा मुलगा चौथी पास झालेला, बाजेवर पालथा पडून मोबाइलवर गेम खेळत होता आणि त्याच्या डोक्यावरून त्याचं गुणवर्णन चाललं होतं.

"मुलगा हुशार आहे, ताई. चेहऱ्यावरूनच दिसतं."

चेहरा मोबाइलमागे होता. पण ते असो.

ताई मुरलेल्या होत्या. मोठ्या मुलीच्या वेळी असे गुरुजी येऊन गेलेले असणार. त्यांनी पन्ह्याचे पेले पुढे केले आणि थेट मुद्द्यावर आल्या. "तुमी का देता जी?"

गुरुजींनी यादी म्हटली. दप्तर, वह्या, पहिल्या वर्षाचं ऑटोभाडं. पुस्तकं तर शासनाचीच.

"सायकल?"

"सायकल मुलींना, ताई. आठवीपासून. मानव विकासच्या योजनेतून."

"मंग पोरायनं का गुन्हा केला?"

या प्रश्नाला शासनाकडेही उत्तर नाही, गुरुजींकडे कुठून असणार? ते पन्हं पीत राहिले. एवढ्यात बाहेर दुसरी मोटारसायकल थांबली. जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक आणि मागच्या सीटवर बाई. आता काय होतंय म्हणून मी सरसावून बसलो. काहीही झालं नाही. आधीचे गुरुजी उठून म्हणाले, "या सर, बसा, कूलर इकडे येतो." दोघे डी.एड.ला एका वर्गात होते. पन्ह्याचे आणखी दोन पेले आले. चौघांनी मिळून सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीवर चर्चा केली, उन्हाला नावं ठेवली आणि मग शिस्तीत, एकेक करून, आपापल्या शाळेची बाजू मांडली. मुख्याध्यापक म्हणाले, "आपल्या गावची शाळा आहे, ताई. पोरगं घरून निघालं की घंटा संपायच्या आत वर्गात. नाव काढू नका." अनुदानित गुरुजी म्हणाले, "आमच्याकडे एकदा घातला की दहावीपर्यंत बघायचं काम नाही." दोन्ही वाक्यं खरी होती. दुसरं तर जरा जास्तच खरं होतं.

ताईंनी दोघांनाही सारखंच उत्तर दिलं, "पोराच्या बाबाले इचारून सांगतो." पोराचे बाबा आतल्या खोलीत होते. जागे होते. मला दारातून त्यांचे पाय दिसत होते.

दोन्ही गाड्या गेल्यावर ताईंनी पोराला विचारलं, कुठल्या शाळेत जायचं आहे. त्यानं मान वर न करता सांगितलं, "जेथं गिराउंड मोठं हाये तेथं."

त्या दुपारी ओसरीवर सहा माणसं बोलली. त्यातलं शाळेबद्दलचं सरळ वाक्य हे एवढंच.

या धावपळीला हसणं सोपं आहे, पण गुरुजी हौसेनं फिरत नाहीत. कोणत्या शाळेत किती शिक्षक ठेवायचे हे दरवर्षी संचमान्यतेत ठरतं आणि संचमान्यता पटावर ठरते. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं पाचवीपर्यंत 30 मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण घातलं. पट घसरला की कुणीतरी एक गुरुजी 'अतिरिक्त' ठरतात आणि समायोजनाच्या यादीत त्यांचं नाव लागतं. गोंदियात घर बांधलेल्या, बायको गोंदियात नोकरीला असलेल्या माणसाला मग झोपेत लांबची देवरी आणि अर्जुनी मोरगाव दिसू लागतात. मार्च 2024 मध्ये संचमान्यतेचे नवे निकष आले, तेव्हा सहावी ते आठवीला वीसच्या आत पट असलेल्या शाळांत तर हलकल्लोळ माजला. या हिशेबात एखादं पोरगं हे पोरगं नसतं, ती कुणाची तरी अख्खी नोकरी असते. ती बाजेवर पालथी पडून गेम खेळत असेल, तर तिच्या चेहऱ्यावर हुशारी दिसणारच.

सगळ्यात जास्त ओढाताण सहावी-सातवी-आठवीचीच होते, कारण या वर्गांना आपल्याकडे स्वतःचं घर नाही. जंक्शनवर मधले डबे कधी या गाडीला, कधी त्या गाडीला लावावेत, तसे हे वर्ग. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते पहिली-दुसरीच्या शेपटाला लावलेले, हायस्कुलात दहावीच्या इंजिनाला. जुन्या पद्धतीत प्राथमिक चौथीपर्यंत, मग पाचवी ते सातवी आणि आठवीपासून माध्यमिक. कायद्यानं पाचवी खाली ढकलली, आठवीही खाली ढकलली. कायद्याला जे एका वाक्यात जमलं ते गावात अजून जमायचं आहे. पाचवी आणि आठवी या दोन वर्गांवरून शाळाशाळांत जी भांडणं झाली तेवढी भावकीत बांधावरून होत नसतील. सीमेपलीकडे बालाघाट जिल्ह्यात आमचे सोयरे आहेत. त्यांच्याकडे बऱ्याच ठिकाणी सहावी ते आठवीची वेगळी शाळा असते. स्वतःचा फलक, स्वतःचा मुख्याध्यापक. ती चांगली चालते असा माझा दावा नाही. पण तिथल्या सहावीतल्या पोराला आपण कुणाच्या तरी मागे जोडलेले आहोत असं वाटत नाही.

गुरुजींनी पोरांमागे फिरायचं हे पूर्वी उलटं होतं, हे आता सांगून पटत नाही. हा सगळा मुलूख 1 मे 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता. त्याच्या कितीतरी आधी सातवीच्या पुढे शिकायचं तर पोरांना नातेवाइकांच्या घरी जाऊन राहावं लागे. स्वतःचं शिक्षण बेताचंच असलेल्या मनोहरभाई पटेलांनी 1958 मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि दोन्ही जिल्ह्यांच्या गावागावांत हायस्कुलं उघडली. त्यांच्या जयंतीला, 9 फेब्रुवारीला, गोंदियात अजून गुणवंतांना सुवर्णपदकं देतात. मुंबईहून सिनेमाचे नट-नट्या येतात. पदक कुणाला मिळालं हे दुसऱ्या दिवशी विचारलं तर फारसं कुणाला आठवत नाही, नट कोण होता ते तोंडपाठ असतं. तर तेव्हा गावोगावची माणसं शाळा मागायला जात. आता शाळा माणसांकडे येतात. मधल्या काळात प्रगती झाली ती अशी.

पालकांची तुलना चालते पानठेल्यावर. तिचे निकष ठरलेले आहेत आणि त्यात अभ्यासाला जागा नाही. पहिला निकष गाडी. ज्या शाळेची गाडी दारात येते ती चांगली, फाट्यावर येते ती मध्यम आणि जिला गाडीच नाही तिची चर्चा कशाला करायची! जिल्हा परिषदेची शाळा इथेच मार खाते. ती घरापासून चालत पाच मिनिटांवर असते, म्हणून तिला गाडी लागत नाही, आणि गाडी नाही म्हणून ती मागे पडते. दुसरा निकष टाय. 45 अंशांच्या मुलखात पहिलीतल्या पोराच्या गळ्याला फास बसवण्याला आमच्याकडे शिस्त म्हणतात. तिसरा निकष इंग्रजी, म्हणजे पोरानं पाहुण्यांसमोर 'जॉनी जॉनी' म्हणून दाखवणं. सहावीतलं पोरगंही तेच म्हणून दाखवत असेल तरी कुणाला काही वावगं वाटत नाही.

चौथा निकष कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण खरा तोच असतो: गुरुजींचं स्वतःचं पोरगं कुठे शिकतं? ते गोंदियाच्या कॉन्व्हेंटात असतं. हे सांगताना पानठेल्यावर सगळ्यांचा आवाज एकदम खाली येतो आणि चेहऱ्यावर पोलिसांनी चोर पकडल्याचा आनंद दिसतो. मग मी त्यांना विचारतो, तुमचं कुठे आहे? तेही त्याच कॉन्व्हेंटात असतं. सकाळी एकाच गाडीत जातात दोघे.

गुरुजी गावात राहतात का, हा आणखी एक निकष. शिक्षकानं मुख्यालयी राहावं असा नियम आहे, राहतो असा ग्रामसभेचा ठराव जोडावा लागतो, तर घरभाडं मिळतं. त्यामुळे कागदोपत्री आमच्या भागातली गावं शिक्षकांनी नुसती गजबजलेली आहेत. ग्रामसभेत हात वर करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं की गुरुजी गोंदियाहून येतात. हात तरी वर होतात, कारण उद्या पोराचा दाखला काढायचाच आहे.

उन्हाळ्यात फ्लेक्स लागतात, त्यांचीही तुलना होते. पाचवीतली पोरं नवोदयची परीक्षा देतात. निवड झाली की सहावीपासून नवेगावबांधच्या जवाहर नवोदय विद्यालयात राहायला जातात. गावातलं एखादं पोरगं लागलं की दुसऱ्या दिवशी चौकात तीन फ्लेक्स. एक शाळेचा, एक शिकवणीवाल्याचा आणि एक त्या पोरानं बालवाडी केली होती त्या कॉन्व्हेंटचा. तिन्हींवर फोटो एकच, जन्मखुणेसकट. 'आमच्या शाळेचा गौरव' असं लिहिलेलं असतं आणि गौरव त्या वेळी घरी बादली, मच्छरदाणी आणि पत्र्याची पेटी भरत असतो. शाळा किती चांगली हे सांगायला आपण तिथून निघून गेलेलं पोरगं दाखवतो, याची मौज वाटेनासं होण्याइतका काळ मी या जिल्ह्यात काढलेला आहे.

सरकारची तुलना निराळी. सरकार शाळा पाहत नाही, फोटो पाहतं. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. वाचन केलं, फोटो; फोटोत पुस्तक उलटं धरलं असलं तरी अपलोड होतं. 2024 च्या सुरुवातीला 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान झालं, लाखांची बक्षिसं होती, शाळांना गुण होते. चांगलं झालं, खूप शाळांना रंग लागला. भिंतींवर पाढे आले, नकाशे आले, वारलीतली माणसं नाचू लागली, आमच्या झाडीपट्टीत वारली कुठून आले हे त्यांनाही कळलं नसेल. 'बोलक्या भिंती' नावाचा हा प्रकार मला आवडतो. फक्त एवढंच दिसलं की जिथे भिंती फार बोलतात तिथे पोरांना बोलायला वेळ उरत नाही.

भिंतींच्या आधी सरकारनं पोरंच मोजली होती. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई. मतदानाच्या कितीतरी आधी शाईचा मान मिळालेली ती पिढी आता खरोखर मतदार आहे. रजिस्टरात असलेली आणि वर्गात नसलेली मुलं त्या तीन दिवसांत अनेक शाळांत उघडी पडली. आमच्या एका जुन्या केंद्रप्रमुखांचं म्हणणं होतं की ती कागदावरची पोरंच खरी गुणी. उशीर नाही, दंगा नाही, कधी नापास नाहीत.

गणवेशाची कथा तर ताजी आहे. 2024-25 ला 'एक राज्य, एक गणवेश' आलं. कापड वरून येणार, शिवणार बचत गटाच्या बाया. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे आम्हाला बाकी महाराष्ट्रापेक्षा वाट पाहायला थोडे कमी दिवस मिळाले. अनेक ठिकाणी स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश नव्हता, आला तेव्हा सातवीच्या पोराला चौथीचा आणि चौथीच्याला सातवीचा. डिसेंबरात सरकारनं ठरवलं की जाऊ द्या, पूर्वीसारखं शाळा व्यवस्थापन समितीनंच पाहावं. त्या चार-पाच महिन्यांत सरकारी शाळाशाळांत कपड्यांवरून भेद करणं अशक्य झालं होतं, हा योजनेचा हेतू पूर्णपणे सफल झाला असंच म्हणावं लागेल.

पण सरकारी मोजमापातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते खिचडीचं. 1995 मध्ये पोषण आहार सुरू झाला तेव्हा 80 टक्के हजेरी असलेल्या पोराला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत. धान पिकवणाऱ्या जिल्ह्यात, धान पिकवणाऱ्याच्या पोराला, सरकारनं दुसरीकडून आणलेला तांदूळ. बाप तो हातात घेऊन, दाणा दाताखाली धरून, "हा आपल्याकडला नाही" असं सांगे आणि कोंबड्यांपुढे टाके. पुढे शिजवलेलं अन्न आलं आणि हिशेब ठरला: पाचवीपर्यंत रोज 100 ग्रॅम तांदूळ, 450 उष्मांक, सहावी ते आठवी 150 ग्रॅम, 700 उष्मांक. पोरगं पाचवीतून सहावीत गेलं याचा राज्यभर सगळ्या सरकारी आणि अनुदानित शाळांत सारखा मिळणारा पुरावा हा एवढाच आहे, वाढीव 50 ग्रॅम. गणित वाढेल का, इंग्रजी वाढेल का, सांगता येत नाही. तांदूळ वाढतो.

खिचडी पोरांच्या आधी शिक्षकानं चाखायची आणि चव रजिस्टरात लिहायची, असाही नियम आहे. एका शाळेत ते रजिस्टर मी चाळून पाहिलं. जुलैपासून मार्चपर्यंत 'चव चांगली', 'चव चांगली', 'चव चांगली'. मध्ये एका दिवशी फक्त 'चांगली'. त्या दिवशी काय झालं असेल याचा मी बराच विचार केला. स्वयंपाक करणाऱ्या मावशी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या रोजी मीठ इसरली होती जी मी." वर्षभरात त्या शाळेत खरं मूल्यमापन झालं ते त्या एका दिवशी, आणि तेही अर्ध्या शब्दात. नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं असा निर्णय निघाला, तेव्हा मात्र पोरांनी आपली तुलना लगेच सुरू केली. कुठल्या शाळेत अंडं अख्खं मिळतं आणि कुठे त्याची भाजी होऊन हरवतं, हे नागऱ्यापासून रावणवाडीपर्यंतच्या पोरांना एका आठवड्यात ठाऊक झालं होतं. शिक्षण खात्याची आकडेवारी यायला वर्ष लागतं.

पोरांचे निकष ऐकावेत. ते मोठ्यांसारखे लाजत नाहीत. मैदान केवढं. नळाला पाणी किती वाजेपर्यंत. कोणते सर मारतात, कोणते नुसते ओरडतात. मुतारीला दार आहे का; हा मुलींचा पहिला प्रश्न, आणि सहावीपासून पुढे तर एकमेव. केंद्रावरच्या खेळांत कबड्डीत कोण जिंकलं. मंडईच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी देतात का. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं आणि पहाटे घरी आलेली पोरं दहा वाजता वर्गात बसवून काही शिकवता येतं असं मानणारे गुरुजी एक तर नवे असतात किंवा पुण्याकडचे. एका मुलीनं मला सांगितलं, "आमच्या बाई चांगल्या आहेत, त्या पुन्हा सांगतात." म्हणजे काय, विचारलं. "समजलं नाही म्हटलं तर पुन्हा सांगतात. पहिल्या शाळेत पुन्हा विचारलं की सर म्हणत, मघाशी कुठं होती?" तिच्या शाळेला ना गाडी आहे ना टाय. 'सुंदर शाळे'च्या गुणांच्या तक्त्यात 'पुन्हा सांगतात' असा रकाना मी शोधला. नाही.

घरी जाऊन एकेका पोराला वाचायला बसवणारी 'असर' नावाची पाहणी 2005 पासून देशाच्या ग्रामीण भागात होते. ती 'प्रथम' ही संस्था करते. दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा आणि तीन अंकी संख्येला एका अंकानं भागायचं एक गणित, बस. शाळा कुठली, टाय होता का, गाडी होती का, हे त्या उताऱ्याला कळत नाही. वरच्या वर्गातली कितीतरी पोरं त्या भागाकारापाशी अडतात, सरकारीही आणि खासगीही. ही पाहणी कुठल्याही पालकाला आज संध्याकाळी घरी करता येते, खर्च एका कागदाचा. मी पानठेल्यावर हे सुचवून पाहिलं. 457 भागिले 6 असं पुठ्ठ्यावर लिहूनही दिलं. सगळ्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं आणि विषय धानाच्या बोनसवर गेला. पोरांना विचारायचं तर आधी उत्तर आपल्याला यायला हवं, ही अडचण मी लक्षात घेतली नव्हती असं नाही. मला ती मौज पाहायची होती.

मला विचाराल तर नागऱ्यात आणि आजूबाजूला चांगली शाळा आणि वाईट शाळा असा भेद फारसा नाही. चांगले गुरुजी आणि नसलेले गुरुजी असा आहे. कायद्यानं सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताला एक, भाषांना एक, सामाजिक शास्त्रांना एक असे वेगवेगळे शिक्षक सांगितले आहेत. प्रत्यक्षात त्यातला एक बदलीवर, एक मतदार यादीच्या कामावर आणि उरलेले एक गुरुजी तिन्ही वर्गांत फिरत असतात. ही अवस्था टायच्या शाळेतही दिसते, बिनटायच्याही. टायच्या शाळेत तर शिकवणारी मुलगी स्वतःच बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असते आणि परीक्षा आली की आठ दिवस येत नाही. मात्र एखाद्या शाळेत एखाद्या बाई दहा वर्षं टिकतात, पुन्हा पुन्हा सांगतात, आणि त्या गावातली पोरं पुढे कुठल्याही हायस्कुलात गेली तरी तिथले गुरुजी ओळखतात, हे अमक्या बाईंचं पोरगं. अशा बाईंची बदली झाली की शाळा तीच राहते. फलक तोच, भिंती तशाच बोलक्या. आणि तुलना करणारे आपण अजून गाडीचा हॉर्न ऐकत असतो.

सांगायचं ते इतकंच की वर्षातून एकदा, मे महिन्यात, पालकाच्या हातात पत्ते असतात आणि आपण ते दप्तर आणि वह्यांवर घालवतो. शाळा सुरू झाली, पट नोंदला गेला, की तेच गुरुजी आपल्याला ओळखतील पण कूलरसमोर बसायला येणार नाहीत. म्हणून यंदा कुणी आलं तर पन्हं द्या, त्यांनाही ऊन लागतंच. दप्तर देतील तर घ्या, नाही म्हटलं तर वाईट दिसतं. पण त्यानंतर दोन प्रश्न विचारा, गावच्या शाळेला, हायस्कूलला आणि कॉन्व्हेंटला सारखेच: सहावीला गणित कोण शिकवणार? आणि ते दिवाळीनंतरही तिथेच असतील का? नाव सांगतील तर त्या गुरुजींना एकदा भेटून या. नुसतंच "बघू, शिक्षक येणार आहेत" म्हणाले, तर दाखल्याच्या अर्जावर सही करू नका.